खोरेवालीची मूठ

धाकट्या आजीनं नुसतं मीठ मागितलं तरी लोधीपुऱ्यातली माणसं भांडण बघायला बाहेर येतात.

"वंदनेऽऽ! मीऽठ दे वं!"

एवढंच वाक्य. पण ते तिच्या ओट्यावरून निघतं, अंगण ओलांडतं, आमच्या स्वयंपाकघराची जाळी हलवतं आणि पलीकडच्या टेलरची मशीन थांबवतं. टेलर मान बाहेर काढून मला विचारतो, "आज किस बात पे?" मी सांगते, "मीठ." तो म्हणतो, "बस?" आणि तिकीट काढून पिक्चर न दिसल्यासारखं तोंड करून परत शिवायला बसतो.

धाकटी आजी म्हणजे मथुराबाई. माझ्या सख्ख्या आजीची, धुरपदाबाईची, जाऊ. दोघी एकाच अंगणाच्या दोन बाजूंना राहतात. मधे एक नळ, नळाखाली शेवाळ, आणि माझ्या पप्पांच्या वयाचं वैर. रक्तानं मी आजीच्या बाजूची. पण कान काही कोणाच्या बाजूचे नसतात.

तर या मथुराबाईला घरात मथुरा म्हणणारं कोणी नाही. आमच्याकडे सून आली की तिचं नाव माहेरीच राहतं, बरोबर येतं ते फक्त गाव. माझी मम्मी शहापूरची, म्हणून शहापूरवाली. मागच्या गल्लीतल्या भाऊबंदांची सून धुळकोटवाली. ही नावं ठेवायचा मान मोठ्या सुनेचा, म्हणजे माझ्या आजीचा. तिचं स्वतःचं माहेर गावातल्या गावात, सिंधीपुऱ्यात. दोन गल्ल्या चालून आलेल्या बाईला काय 'वाली' लावणार? म्हणून ती नुसती 'मोठी'. बाकी सगळ्यांच्या पाठीला गाव बांधून ही मोकळी.

मथुराबाई या घरात आली त्या दिवशी आजीनं तिला उंबऱ्यावर उभी केली, वरपासून खालपर्यंत पाहिली आणि म्हणाली, "कुठली? खोऱ्यातली ना? मग आजपासून खोरेवाली." आजी हे अजून सांगते, आणि सांगताना 'खोरे' असं म्हणते की जीभ धुवून घ्यावी.

त्याचा सूड मथुराबाईनं उलटा घेतला. घरातल्या प्रत्येक सुनेला ती नावानं हाक मारते. मम्मीला 'वंदने' म्हणणारी या घरात ती एकटी, आणि ती हाक लाडाची नसते. मोठीनं ठेवलेलं नाव ती रोज सकाळी सगळ्या गल्लीसमोर पुसून टाकते, इतकंच.

खोरं हे खरंच गावाचं नाव आहे. डोंगराकडची बस एका पिंपळापाशी सोडते, पुढे पायी. दोन डोंगर एकमेकांच्या इतके अंगावर आलेले की सूर्य तिथं उशिरा ड्यूटीवर येतो आणि लवकर सुटतो. खाली ओहोळ, दोन्ही उतारांवर घरं. समोरच्या घरी जायचं तर उतरा, पाण्यातून जा, पुन्हा चढा, तोवर चुलीवरची भाजी करपते. म्हणून तिथं कोणी कोणाच्या घरी जात नाही, जागेवरूनच बोलतात. हळद उसनी मागायची, पोरीला बघायला पाहुणे येणार ते सांगायचं, पाहुणे गेल्यावर त्यांना शिव्या घालायच्या, सगळं या उतारावरून त्या उताराला. मथुराबाईचा गळा तिथं घडला. तो इथं बारक्या अंगणात आणून ठेवला, त्याला ती बिचारी काय करणार? बिचारी हा शब्द मी माझ्या जोखमीवर वापरते. दूधवाला तिच्यापुढे माप दोनदा धुतो. भाजीवाली तिची चाहूल लागली की सडका टोमॅटो स्वतःच बाजूला काढते. मागे एका रिक्षावाल्यानं तिला तापीवरच्या राजघाटावर उतरवण्याऐवजी अलीकडेच उतरवलं, तेव्हापासून तो आमच्या गल्लीत सवारी घेऊन येत नाही. शहरातल्या शहरात तडीपार झालाय.

खोरं या शब्दाचा अर्थ काय, यावर आमच्या घरात तीन मतं आहेत आणि तिन्ही जेवताना ऐकावी लागतात.

पप्पा, म्हणजे अनंत मास्तर, शाळेत हिंदी शिकवतात आणि घरी मराठीचा अभिमान बाळगतात. ते आधी चष्मा पुसतात. "असं बघा. शब्द काही आभाळातून पडत नाही. खोरणे म्हणजे टोकरणे, उकरणे. पाण्यानं डोंगर खोरला, माझ्या मते त्याचं झालं खोरं. गवंडी ज्यानं माल ओढतो तेही खोरंच. आता आम्ही शहरातली माणसं तापीचं खोरं म्हणतो तेव्हा ते ऐसपैस असतं. पण डोंगरातलं जे मूळ खोरं, ते अरुंद. आणि अरुंद जागेत राहणाऱ्याची दृष्टी..." इथं ते थांबतात, कारण मथुराबाईच्या खिडकीची कडी वाजलेली असते. 'आम्ही शहरातली माणसं' हे पप्पांचं ठेवणीतलं वाक्य. भाजी आणायला जातानाही शहरात जन्मल्यासारखे जातात.

आजीचं मत सोपं. "कसलं खोरणं नि काय घेऊन बसलास अनंता! देवानं पृथ्वी सारवली. सारवल्यावर हाताला शेण राहतं की नाही? ते पुसायला त्यानं दोन डोंगरांच्या मधे हात घातला. झालं खोरं. जागाच ती पुसण्याची, तिथली माणसं काय न्यारी असणार?"

तिसरं मत अंगणाच्या पलीकडून येतं, त्याला जेवायला बोलवावं लागत नाही.

"माह्या बापानं सांगतलं ते आयका! दोन डोंगर सख्खे भाऊ व्हते, खांद्याले खांदा लावून उभे. बांधावरून लागली त्यायची. ह्यानं त्याच्यावर दगड लोटला, त्यानं ह्याच्यावर. त्यायची माय म्हातारी. तिनं घेतलं खोरं, अन् दोघायच्या मधली माती वढत वढत पार तापीलोक नेली. मंग म्हणे, आता भांडा रांडेच्याहो, जलमभर भांडा! हात नाही पोचायचा, आवाज पोचंल. अन् जी माती वढली ना, तिच्यावरच तुमच्या केळी उभ्या हाय. आमच्या भांडणावर घड मोठे करता, अन् आमालेच नाव ठेवता?"

यावर आजी ताटातली पोळी दोन्ही हातांनी फाडते. त्या पोळीच्या जागी कोण आहे, हे विचारावं लागत नाही.

चाळीसेक वर्षं हे असंच चाललं होतं, पुढेही चाललं असतं. पण तुषारकाकाचं लग्न झालं.

तुषारकाका मथुराबाईचा एकुलता एक. लग्न मोठ्या मंगल कार्यालयात, ढोल, धूर, सगळं. माईकवर एक जाड आवाजाचा माणूस होता, जो 'सन्माननीय'शिवाय पाणीपण मागत नव्हता. त्यानं विचारलं, वरमाईचं नाव काय? मथुराबाई विहिणीला भेटायला गेलेली. आजी जवळ बसलेली. आजीनं सांगितलं आणि पुढच्या क्षणी सगळ्या कार्यालयात घुमलं:

"वरमाय सन्माननीय खोरेवाली जहाँ कहीं भी हो, तुरंत स्टेजवर यावं! सन्माननीय खोरेवाली!"

नवरीकडचे नेपानगरचे. त्यांच्यातला एक जण मोठ्यानं म्हणाला, "ये क्या नाम है भाई?" आणि हशा पिकला. मथुराबाई नऊवारीचा काष्टा सावरत मधल्या वाटेनं स्टेजकडे गेली. त्या दिवशी ती एक शब्द बोलली नाही. टेलर आहेर घेऊन आला होता, तो घाबरून माझ्या कानात म्हणाला, "तबियत ठीक है ना इनकी?"

नवी सून स्नेहल घरात आली. आजीनं तिला उंबऱ्यावर वरपासून खालपर्यंत पाहिलं. "नेपावाली."

"नाही हां मोठी आई," स्नेहलकाकू हसून म्हणाली, "मतलब, माझं नाव स्नेहल आहे. आणि सासूबाईंचं काय नाव आहे? त्या दिवशी माईकवर पूरा ऐकू नाही आलं."

मग पलीकडून आवाज आला, पण नेहमीचा नाही, बारीक. "मथुरा."

आणि त्या संध्याकाळी नळावर, बादली भरता भरता, मथुराबाईनं जाहीर केलं. "या सालच्या रोटाले माह्या मुठीले माह्यं नाव पडलं तर मी जेवीन. नाही तर नाही. मंग फुटू दे रोट."

हे ऐकून आजीच्या हातातला तांब्या वाजला. कारण ही धमकी साधी नव्हती.

श्रावणात आमच्याकडे कानबाई बसते. नारळाला नाक डोळे लावून, दागिने घालून देवी मांडायची, रविवारी रोट, सोमवारी राजघाटावर विसर्जन. रोट म्हणजे गहू आणि हरभऱ्याच्या डाळीच्या पिठाचा प्रसाद, तो फक्त घरच्यांनी खायचा, बाहेर तुकडा द्यायचा नाही. शनिवारी देवीपुढे गव्हाची रास घालतात आणि जेवणाऱ्या प्रत्येकाच्या नावानं सव्वा मूठ गहू पाटीत घेतात. आमच्या घरचे नियम पक्के आहेत. सगळ्यात लहानापासून सुरू करायचं, दोन्ही सासवा शेवटी, मोठीवर संपवायचं. स्वतःच्या मुठीला स्वतःचं नाव घ्यायचं नाही, ते दुसऱ्यानंच घ्यायचं. एकदा घेतलेलं नाव परत फिरवायचं नाही, वर्षभर देवीपाशी तुम्ही त्याच नावाचे. आणि घरातलं एक जरी माणूस बिनमुठीचं, बिनजेवणाचं राहिलं तर रोट फुटला. फुटला म्हणजे काय होतं ते कोणी सांगत नाही, कारण अजून कोणी फोडून पाहिला नाही.

मूठ घेणं आणि नाव घेणं, दोन्ही कामं मोठीची; तिच्या स्वतःच्या मुठीला 'मोठीची' एवढं कोणीही म्हणून टाकायचं. आजी आजवर दरवर्षी मथुराबाईच्या वेळी 'खोरेवालीची' म्हणायची आणि मूठ जरा सैल धरायची. चार दाणे परत राशीत पडायचे. मथुराबाई ते दाणे बघायची.

आजीचं म्हणणं ठरलेलं. "उपाशी राहते? राहू दे. मी काय नाव बदलते?"

मग रोटाच्या आदल्या आठवड्यात आजी नळापाशी शेवाळावरून घसरली आणि उजवं मनगट मोडलं. आजीचं म्हणणं, "ती मागून ओरडली, त्या आवाजानंच पडले मी." मथुराबाईचं म्हणणं, "मी वरडली, शेवाळ हाय, बघून चाल! ऐकलं असतं तं पडली नसती." दोघी खरं बोलत होत्या, म्हणून भांडण मिटलं नाही. डॉक्टरनं कोपरापर्यंत प्लास्टर घातलं आणि हाताला आराम सांगितला. तोंडाबद्दल तो काही बोलला नाही.

आता मूठ कोण घेणार? मोठीनंतर मान धाकटीचा. पण नाव घ्यायचा हक्क आजी सोडेना. "हात मोडलाय, जीभ नाही." शेवटी ठरलं, की नावं आजीनं घ्यायची आणि मुठी मथुराबाईनं. एका कामाला एकीचं तोंड आणि दुसरीचा हात. मम्मी स्वयंपाकघरात मला म्हणाली, "तृप्ती, पदर खोचून बस, आज काही खरं नाही." मी तर सकाळपासूनच पुढची जागा धरून बसले होते.

शनिवारी देवीपुढे दोघी समोरासमोर बसल्या, मधे गव्हाची रास. प्लास्टरचा हात आजीनं मांडीवर असा ठेवला होता की जणू काठीच. पप्पा, तुषारकाका, स्नेहलकाकू, सगळे भोवती. समाधान आजोबा, म्हणजे मथुराबाईचे यजमान, खांबाला टेकून. ते केळीच्या मळ्यातून घरी येतात ते फक्त जेवायला आणि गप्प बसायला. दोन्ही कामं मन लावून करतात.

"तृप्तीची," आजी म्हणाली. मथुराबाईनं माझी मूठ घेतली, घट्ट, एक दाणा सांडला नाही. वर बोटांनी पाव मूठ.

"नेपावालीची."

मथुराबाईनं मूठ घेतली आणि पाटीत सोडताना मोठ्यानं म्हणाली, "स्नेहल!"

"नाव मी घेतेय ना?" आजी फणकारली.

"घे ना. मी गहू मोजून राहिली."

"तोंडानं मोजतेस?"

"माह्यं तोंड, माह्ये गहू."

"आई, काकू, देवीपुढे तरी," पप्पा चष्मा पुसत म्हणाले. दोघी एकदम त्यांच्याकडे वळल्या. त्यांनी चष्मा परत घातला.

तेवढ्यात पंडितचा फोन. पंडित म्हणजे कोपऱ्यावरचा चक्कीवाला. रोटाचं पीठ दळायला तो चक्की धुवून, पुसून ठेवतो आणि मग दुसऱ्या कोणाचं दळण घेत नाही. फोनमधूनही त्याचा आवाज पिठात लोळल्यासारखा येतो. "मास्टरजी, चक्की धोके बैठा हूँ. लोक बाजरी घेऊन उभे आहेत, सगळ्यांना वापस केलं. किती वेळ?"

"बस, निघालोच," पप्पा म्हणाले.

कोणी निघालं नव्हतं. तुषारकाकाची झाली, मम्मीची झाली, पप्पांची झाली, "माझ्या अनंताची" असं ओवाळल्यासारखं म्हणून. समाधान आजोबांची झाली. उरल्या दोघी.

आजीनं मान वर केली. मथुराबाईचा हात राशीवर थांबला होता, पंजा उघडा. आम्ही सगळे त्या पंजाकडे बघत होतो.

"खोरेवालीची," आजी म्हणाली.

पंजा मिटला नाही.

"खोरेवालीची!"

"अशी कोणी बाई इथं बसेल नाही."

"मग तू कोण आहेस?"

"मले काय इचारते? नाव तू घेऊन राहिली ना."

"मोठी आई, घ्या ना नाव," स्नेहलकाकू हळूच म्हणाली. "तीनच तर अक्षरं आहेत."

"नेपावाली, तू गप. चार दिवस झाले नाही येऊन." आजीचं नाक लाल झालं. "या घरात मी ठेवलेलं नाव फिरलं नाही आजवर. आज हिचं फिरवलं, उद्या सगळ्या रांगेत उभ्या राहतील. खोऱ्यातून आली, खोरेवाली. त्यात खोटं काय?"

पुन्हा पंडितचा फोन. पप्पांनी उचलला नाही.

मथुराबाईनं हात मागे घेतला नाही. फक्त आवाज उतरवला, आणि तो उतरला तेव्हा मला पहिल्यांदा तिची भीती वाटली. "बरं. एक काम कर. कानबाईसमोर सांग, खोरं म्हणजे काय. तू डोळ्यानं पाह्यलं हाय. जसं पाह्यलं तसं सांग. खरं सांगतलं, तं मी याच नावानं मूठ घेते. पुढंही घेईन. पुन्हा तक्रार नाही."

आजी थबकली. मला वाटलं, आता संपलं, किती सोपं मागितलं. पण आजीनं माझ्या पप्पांकडे एक नजर टाकली, मग सुनांकडे, आणि मान ताठ केली.

"मी कशाला बघायला जाते? घाण आहे ती घाण. पुसायची जागा. मी जन्मात तिथं पाय ठेवला नाही."

समाधान आजोबांनी खांबावरची पाठ काढली.

मथुराबाईनं एकदा देवीकडे बघितलं. मग हात खाली नेला, गच्च मूठ घेतली, पाटीत सोडली. "खोरेवालीची. बरोबर. हायच मी खोऱ्याची. घेतली." वर पाव. एक दाणा सांडला नाही.

आजीच्या चेहऱ्यावर जे पसरलं त्याला हसू म्हणायचं तर म्हणा. तिनं प्लास्टर मांडीवर नीट केलं आणि वाट बघत बसली. कारण आता तिची मूठ, शेवटची. आणि स्वतःचं नाव स्वतः घ्यायचं नाही, हा नियम तिला आठवायच्या आत मथुराबाईचा हात राशीत गेला होता.

"खोऱ्यात बाळंत झाली," मथुराबाई म्हणाली, तिच्या नेहमीच्या आवाजात, जो टेलरपर्यंत जातो, "त्या धुरपदाबाईची मूठ!"

आणि गहू पाटीत पडले.

"कोण बाळंत झाली?" पप्पा म्हणाले.

पप्पांना भाऊ नाही, बहीण नाही. हिशेब करायला मास्तर लागत नव्हता.

"परत घे," आजी म्हणाली. ओठ पांढरे पडले होते. "परत घे ते."

"फिरत नाही नाव. तुह्याच घरचा नियम हाय."

"खोटं आहे! अनंता, ही बाई देवीपुढे खोटं..."

"मीच नेऊन सोडलं होतं," समाधान आजोबा म्हणाले. "बैलगाडीत गवत घालून." एवढं बोलून ते परत खांबाला टेकले. माझ्या आठवणीतलं त्यांचं ते सगळ्यात लांब भाषण.

मग मथुराबाई थांबली नाही. "पहिलं बाळंतपण माहेरी असते. ही गेली सिंधीपुऱ्यात. माय नव्हती. भावजयीनं उंबऱ्यावरून परत लावली, एवढं पोट घेऊन आली पायी पायी. सासूले काय सांगे? रडे चुलीजवळ. मी नवीन व्हती. मी माह्या मायले निरोप धाडला. मायनं हिले पोरीसारखी ठेवली, शेक दिला, मेथी डिंक चारला. गावात सांगतलं, सिंधीपुऱ्यात हाय माहेरी. मायनं मले शपथ घातली, बाळंतिणीचं उणं बाहेर काढजो नको. आजलोक काढलं नाही. मले खोरेवाली म्हणे, मी खाली मान घालून पाणी भरे. पण माह्या मायच्या घराले घाण म्हटलं, कानबाईसमोर?" तिनं श्वास घेतला. "अन् आठवते का, तुह्यं पोरगं झालं तवा? समोरच्या उतारावरून लोकायनं इचारलं, काय झालं वं? तू आतून, बाजेवरून वरडली. पोरगंऽऽ! सगळ्या खोऱ्यात गेलं. तवा बरा निघाला तुहा गळा."

मी आजीकडे बघितलं. सगळ्यांना गाव वाटत बसलेली ही बाई, आणि हिचं स्वतःचं माहेर दोन गल्ल्यांवर असून बंद होतं. एरवी मी या दोघींच्या नकला करून मैत्रिणींना लोळवते. पण त्या वेळच्या आजीच्या तोंडाची नक्कल मला जमली नाही, अजून जमत नाही.

फोन वाजला. या वेळी पप्पांनी उचलला. पंडित म्हणाला, "मास्टरजी, चक्की फिरसे धोऊँ क्या?"

पाटी उचलून तुषारकाका पळत गेला.

रविवारी रोट झाला. सगळे जेवले. मथुराबाई जेवली, कारण त्या नावाला ती स्वतःच 'बरोबर' म्हणाली होती; आजीसुद्धा जेवली, कारण मूठ पाटीत पडलेली होती आणि बिनजेवणाचं राहायचं नव्हतं. भिंतीकडे तोंड करून जेवली. मथुराबाईनं तिच्या ताटात तुपाची धार धरली, वाढण्यापेक्षा ओतल्यासारखी, आणि "पुरे" ऐकेपर्यंत थांबली नाही. आजी पुरे म्हणेना. तूप ताटाच्या काठाला आलं. शेवटी मम्मीनं तुपाचं भांडं काढून घेतलं.

पप्पांनी जेवताना भाषण केलं नाही. स्नेहलकाकूनं वाढता वाढता अगदी निरागस चेहऱ्यानं विचारलं, "भाऊजी, मतलब आता तुम्हाला काय म्हणायचं? खोरेवाले?" तुषारकाकाला ठसका लागला. पप्पांनी चष्मा काढला, पुसला, आणि तो ताटाशेजारी ठेवूनच जेवले.

सोमवारी सकाळी कानबाई निघाली. स्नेहलकाकूच्या डोक्यावर देवी, पुढे ढोल, मागे बायका गाणी म्हणत. आजी प्लास्टरला पिशवी बांधून चालत होती. शनिवारपासून ती मथुराबाईशी बोललेली नव्हती, आणि मथुराबाई तिच्यापासून हात पोचणार नाही इतक्या अंतरावर चालत होती.

राजघाटावर तापी चढलेली, गढूळ. खालच्या पायऱ्यांवर गाळ. आमच्याकडे देवी पाण्यात सोडताना मोठीचा हात लागावा लागतो. बाकीच्या बायका एकमेकींना धरून उतरल्या. मथुराबाई सरळ उतरली, डोंगरातली पावलं ती. आजी मधल्या पायरीवर आली, एक पाय पुढे टाकला, तो सटकला, मागे घेतला. उजवा हात प्लास्टरमधे, डाव्या हाताला धरायला काही नाही. खाली देवी घेऊन स्नेहलकाकू गुडघाभर पाण्यात उभी, ढोल वाजतायत. मी वरच्या पायरीवरून निघाले होते, पण मधे गर्दी होती.

"अहो," आजी म्हणाली. ढोलात ते विरून गेलं.

"ए!"

मथुराबाईची पाठ. अगदी दोन पायऱ्या खाली. ढोल असले तरी त्या कानांना उंदीर चाललेला ऐकू येतो.

आजीनं इकडे बघितलं, तिकडे बघितलं. दुसरा पाय सटकायला लागला. आणि मग तिच्या तोंडातून जे निघालं ते मी त्या तोंडातून कधीच ऐकलं नव्हतं, पोटातून, लांब, वर चढत गेलेलं:

"मथुरेऽऽऽ! हाऽत दे वंऽऽ!"

ढोलवाला थांबला. पलीकडच्या काठावर जो म्हशी धूत होता त्या माणसानं मान वर केली. पप्पांनी चष्मा काढला.

मथुराबाई सावकाश वळली. पदर खोचला. दोन पायऱ्या वर आली, आजीचं डावं मनगट असं पकडलं की तेही मोडतं की काय वाटावं, आणि तिला खाली घेऊन जाता जाता म्हणाली,

"एवढ्या जोरानं कायले वरडते? बहिरी हाय का मी?"